मास्तरांचा दहा किलो बर्फ

क्रांती चौकाच्या मागं मुख्तारभाई तीस वर्षं बर्फ विकतात. लादी भुशात पुरून ठेवायची आणि गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाय, हा त्यांचा शिरस्ता. पूर्वी चार बोटं भुसा पुरायचा, आता वीतभर लागतो. पण तेही ते कुणाला सांगत बसत नाहीत.

त्या दिवशी पुंडलिकनगरचे निवृत्त बन्सी मास्तर आले. नातीच्या बारशाला मठ्ठा होता, त्यासाठी दहा किलो बर्फ हवा होता. पण आधी त्यांनी मोबाईल नाचवला. "ध्रुवावरचा बर्फ वितळतोय म्हणं! साफ खोटं. हे बघा, औंदा बर्फानं गेल्या सालापेक्षा जास्त समुद्र झाकलाय!"

"झाकला असंल. पण जाडी किती, मास्तर?"

"जाडीचं काय घेऊन बसलात? पसारा बघा, पसारा!"

मुख्तारभाईंनी मान डोलावली. पाचेक किलोचा तुकडा काढून गोणपाटावर ठेवला, हातोड्यानं त्याचा चुरा केला आणि ऐसपैस पसरून दिला.

"घ्या, दहा किलो."

"अहो, हा तर निम्माच हाय! काट्यावर ठेवा की!"

"काटा कशाला, मास्तर? पसारा बघा, पसारा!"