बदकांना काय घालायचं

अणदूरच्या आमच्या घरी बदकं आली ती मानमोडीमुळं. मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा रोग. त्या उन्हाळ्यात गावातली बहुतेक खुराडी रिकामी झाली. आषाढात माझी धाकटी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ती हाडांचा सापळा होऊन. नळदुर्गच्या डॉक्टरांनी बजावलं, रोज दूध आणि रोज एक अंडं, नाहीतर बाळंतपण जड जाईल. दूध घरच्या म्हशीचं होतं. अंडी कुठून आणायची? पंचायत समितीतल्या एका साहेबांनी आमच्या ह्यांना सांगितलं, बदकांना मानमोडीचं भय नसतं, बदकं पाळा. ह्यांनी लगोलग बदकं आणून परसात सोडली. पाच माद्या आणि एक नर. सगळ्या माद्या अंड्यावर आल्यात, असं विकणाऱ्यानं गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं म्हणे.

आता त्यांना घालायचं काय? घरात हे प्रत्येकालाच ठाऊक होतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणत असे. आत्या म्हणाल्या, "पाखरू हाय ते. मूठभर जवारी फेक, बास झालं." त्यांनी स्वतःच ज्वारीचा भरडा फेकला. बदकाची चोच चपटी, कोरडं पीठ घशात चिकटलं आणि एक मादी मान ताणून घुसमटायला लागली. मी तिच्या चोचीत पाणी सोडलं तेव्हा ती वाचली. ह्यांनी पेंडीचा आख्खा तुकडा आणून टाकला. "म्हशीला चालतीय, मग ह्यांना का चालू नये?" बदकांनी त्या तुकड्यावर चढून ऊन खाल्लं.

मला असला गोंधळ खपत नाही. मी नियम घालून दिले. सकाळी एकदा आणि दिवस मावळायच्या आत एकदा. ज्वारीच्या कण्या आणि गव्हाचा कोंडा ताकात सैल कालवायचा, वर थोडी कुटलेली पेंड, शेजारी पाण्याचं घमेलं. अंड्याचं कवच घट्ट यावं म्हणून ओढ्यातल्या शिंपल्यांचा चुरा. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी काही टाकायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि बदकं माझ्या घमेल्याकडं ढुंकून बघेनात. येत, चोच बुडवत, दोन घास घेत आणि डुलत डुलत परत जात. मी कोंडा कमी केला. मग पेंड बंद केली. मग कांद्याची पात चिरून घातली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे काय लागू पडलं ते कळतं. काहीच लागू पडलं नाही. रोज सकाळी अंड्यासाठी खुराड्यात हात घालायचा आणि नुसती घाण लागलेला हात धुवायचा.

"तुझ्या मोजण्यामापण्यानं बदक अंडं देतंय व्हय?" आत्या.

"विकणाऱ्यानं फसवलं तुम्हाला," मी ह्यांना.

"न्हाई गं, नेट लावून खाऊ घाल," हे मला. जणू मी त्यांना उपाशी ठेवत होते!

नणंद तेवढी गोड बोलायची. "येत्याल वहिनी अंडी. डोस्कं नका फिरवून घेऊ." तिचं पोट पुढं येत होतं, पण दंड माझ्या दोन बोटांत मावायचे. तरी ताट रोज चाटूनपुसून परत यायचं. चुलीचा धूर सोसत नाही म्हणून ती परसदारी पायरीवर बसून जेवायची. दुधात कुस्करलेली भाकरी, वर गूळ, वर तूप. एवढं खाऊन ही पोर वाळते कशी, ह्याचंही उत्तर मला मिळेना. दोन हिशेब, दोन्ही चुकलेले.

शेवटी मी शेजारच्या भाभींना बोलावलं. त्यांच्याकडं शेळ्या-कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या होत्या. भाभींनी एक मादी उचलली आणि मटकन खालीच बसल्या.

"या अल्ला! बदक हाय का बकरा? पोटाला हात लाव, नुसती चरबी. चरबी चढल्यावर अंडं कुठनं देईल? काय चारतीस गं हिला?"

"कण्या आणि कोंडा. तेही खात नाहीत."

"मग बिर्याणी कोन खिलवतंय?"

त्यांनी बदकाची चोच माझ्यापुढं धरली. पिवळ्या चोचीच्या कडेला पांढरं काहीतरी वाळलं होतं. मी म्हटलं ताक असेल. भाभींनी नखानं खरवडून वास घेतला. "ताक न्हाय. दूध हाय. आन् गूळ."

दुपारी नणंद ताट घेऊन परसात गेली तशी मी कडब्याच्या गंजीआड उभी राहिले. ती पायरीवर टेकायच्या आत सहाही बदकं तिच्या पायाशी जमली. तिनं एक घास तोंडात घातला, डोळे मिटून गिळला आणि बाकीचं ताट सरळ जमिनीवर ठेवलं.

मी पुढं झाले. "हे काय चाललंय?"

ती दचकली. "वहिनी... दुधाचा वास आला की उमळतंय मला."

"आणि अंडी?"

"अंड्याचं नाव काढलं तरी."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं? मी महिनाभर ह्या बदकांच्या पायी मरतीय!"

"तुमी समदी माझ्यासाठी राबताय. कसं नगं म्हणू? अंडी येतील तवा बघू म्हटलं."

तिला धरून गदागदा हलवावं असं वाटलं. पण तिच्या गळ्याची हाडं दिसत होती. मी दातावर दात ठेवून विचारलं, "काय खावंसं वाटतंय?"

हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नसावा. "अंबाडीची भाजी. कण्या घालून. वर लसणाची फोडणी. आन् भाजल्याल्या शेंगा."

आत्या दारातून ओरडल्या, "अंबाडी? उष्ण पडंल की पोटुशीला! काय बी करताव का?"

"आत्या, बदकांना दूध आणि पोरीला नुसती हवा, हे चाललंय तेवढं पुरे," मी म्हटलं. त्यांना तोवर उलटून बोलले नव्हते. त्या पदर झटकून आत गेल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

अंबाडी मीच खुडून आणली. नणंदेनं चुलीपुढं, धुरातच बसून, माझ्या देखत तीन भाकरी खाल्ल्या. परसाचं दार मी लावून घेतलं होतं. बाहेर बदकं दारावर चोची आपटत होती. भाजलेल्या शेंगांनी भरलेलं सूप तिच्या उशालाच ठेवलं. बदकांना माझ्या घमेल्याशिवाय काही मिळेना, तेव्हा आठवडाभर रुसून, ओरडून, मुकाट्यानं ती कण्या-कोंडा खायला लागली.

भाद्रपदात नळदुर्गला दाखवायला नेलं तेव्हा तिच्या गालांवर मांस आलं होतं. डॉक्टरांनी डोळे बघितले, नाडी बघितली, खूश झाले. बदकांनी तोवर एकही अंडं दिलेलं नव्हतं.

"अंडी देताय ना रोज?" डॉक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाल्या, "व्हय की डाक्टर. रोज. घरची बदकं हायत."

नणंदेनं माझ्याकडं बघून पदरात तोंड लपवलं.

"बघा," डॉक्टर म्हणाले, "हा अंड्यांचा गुण." आणि रांगेतल्या पुढच्या बाईला त्यांनी तिथंच सांगितलं, बदकं पाळा.