मागून पेटलेलं पान

आक्का नावं विसरायची, वैर नाही. मारुंजीतल्या आमच्या ग्राफिक्सच्या ऑफिसात ती सगळ्यांत जुनी, माले गावची. कुणी वाकडं बोललं की ती हसून म्हणायची, "असू द्या. मी घाईत न्हाई." मग आम्हाला त्या बोलणाऱ्याचीच कीव यायची.

कॉम्प्युटरवर झाडं करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. माझी पानं पाहून पहिल्याच दिवशी तिने मला गच्चीवर नेलं आणि कुंडीतलं एक पान उन्हासमोर धरलं. "पुढनं चमकतंय ते प्लास्टिक. मागनं पेटतंय ते पान." ऊन पानात शिरतं, शिरांपाशी अडतं, पलीकडे हिरवं-पिवळं होऊन निघतं. हे सगळं गणितात बसल्याशिवाय ती पान पास करायची नाही. कोवळ्या पानाचं गणित वेगळं, जून पानाचं वेगळं. तेव्हा तिचा भयंकर राग यायचा. आजही मी पान तिच्याच पद्धतीने करतो.

तिच्या वडिलांनी बांधावर लावलेलं जांभूळ शेजारची जमीन घेणाऱ्या बिल्डरने तोडलं होतं; तेही घरचे सगळे पौडला लग्नाला गेलेले बघून. बंगल्यांच्या रस्त्यात येत होतं म्हणे. पुढे त्याच बंगल्यांच्या जाहिरातीची फिल्म आमच्याकडे आली. मला वाटलं, आक्का नाही म्हणेल. तिने ते काम मागून घेतलं.

घरचे जुने फोटो काढून तिने ते जांभूळ पान न् पान उभं केलं, होतं त्याच जागी. तांबूस पालवीतून ऊन असं झिरपत होतं की बिल्डरने टाळ्या वाजवल्या. फिल्म सगळीकडे गेली. मग जागा बघायला येणारा जो तो झाड कुठंय विचारू लागला, झाडासमोरचाच बंगला हवा म्हणून अडून बसू लागला. बिल्डर तणतणत ऑफिसात आला.

"हे झाड आणलंत कुठून?"

"जितनं तुमी तोडलं, तितनंच," आक्का म्हणाली.

मला इतका आनंद झाला की मी तोंड लपवायला टेबलाखाली वाकलो.

आमच्या ऑफिसच्या मालकाने तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. ती डबा पिशवीत टाकत होती, मी रडवेला झालो होतो. "रडतुयास कशाला?" ती म्हणाली. "आता जलमभर सांगत बसू दे त्या बिल्डरला, झाड कुटं गेलं."

रस्त्याच्या कडेला उरलेल्या जांभळाच्या बुंध्याभोवती बिल्डरने मोठाल्या कुंड्या मांडून तो झाकलाय. त्या रस्त्याने गेलो की मी गाडी थांबवतो आणि एकेक कुंडी बाजूला सरकवतो. वॉचमन ओरडत येतो. मी घाई करत नाही.