ब्रश, चिमटा आणि सुई

श्रद्धा माझी लहानपणापासूनची, पण त्या वर्षी मी डोंगरावरच्या जीवदानी आईवर अगदी वैतागले होते. ह्यांना कावीळ झाली होती. नायगावच्या आमच्या घरी सगळ्यांनी ती साधीच समजून आधी उसाचा रस आणि झाडपाला केला. अंगाला खाज सुटली, डोळे हळदीसारखे झाले, तेव्हा मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात गेलो. पित्ताची नळी बंद झाली होती. कशाने, तेवढं मात्र कुणी सांगेना.

तोंडातून दुर्बीण घालून डॉक्टरांनी त्या नळीत बारीक ब्रश फिरवला, पेशी खरवडून काढल्या आणि पित्त वाहावं म्हणून आत प्लास्टिकची नळी बसवली. कावीळ उतरू लागली. रिपोर्ट आला, कर्करोगाच्या पेशी दिसत नाहीत, पण कर्करोग नाही असंही म्हणता येत नाही. पुन्हा दुर्बीण घातली, या वेळी चिमट्याने तुकडा काढला. तो म्हणे निदानाला फारच लहान निघाला. मग काढलात कशाला, असं मी डॉक्टरांना तोंडावर विचारलं. जागा अरुंद असते, चिमट्यात येईल तेवढंच येतं, असं ते शांतपणे म्हणाले. त्या शांतपणाचाच मला जास्त राग आला.

सर्जन म्हणाले, थांबू नका, कर्करोग धरूनच नळीसकट स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा भाग काढून टाकू. त्यांनी ऑपरेशनची तारीखही दिली. दीर म्हणाले, ब्रशात काय नाय ना, मग घरी चला. सासूबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "कोन डॉक्टर खरा मानायचा?" देवघरासमोर उभी राहून मी आईला सुनावलं, की हो तरी म्हण, नाही तरी म्हण, ही टांगणी पुरे.

शेवटी कुणीतरी आणखी एका रुग्णालयाचं नाव सुचवलं. तिथे दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी असते आणि तिच्यात बघून नेमक्या जागी सुई घालतात, म्हणे. आम्ही गेलो, तर नंबर पुढच्या आठवड्याचा, आणि ऑपरेशन त्याच्या आधी. मी बाकावर बसून रडायचीच बाकी होते. शेजारी गळ्यात रोझरी घातलेल्या एक बाई होत्या, आमच्याच वसईकडच्या. आजारी भावाला घेऊन आल्या होत्या. मी चिडून सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि मग आपलं सांगितलं. भावाचा ब्रश कोरा आला तेव्हा ते आनंदाने घरी गेले होते. खरं कळलं तेव्हा उशीर झाला होता. ब्रश नळीच्या आतलंच खरवडतो, बाहेरचं त्याला कळत नाही, हे नंतर इथल्या डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं.

तेवढ्यात भावाचं नाव पुकारलं. त्या उठल्या, भावाशी हळू काही बोलल्या आणि मला म्हणाल्या, "आमचं काय ते आम्हाला कळलंय. तुमचं अजून ठरायचंय. आमच्या नंबरावर तुम्ही जा." भाऊही मान हलवून हसला. दारावरच्या माणसाला त्यांनीच समजावलं.

आत डॉक्टरांनी आधीच्या तपासण्यांचे फोटो बघितले आणि दुसऱ्याच दिवशी सुई घातली. पित्ताच्या नळीच्या बाहेर एक गाठ होती, तीच नळीला दाबत होती. रिपोर्ट टीबीचा आला. ऑपरेशन रद्द झालं. कित्येक महिने गोळ्या चालल्या, गाठ विरली, आतली प्लास्टिकची नळीही काढली.

हा चमत्कार होता असं मी कुणाला पटवत बसत नाही. सुई डॉक्टरांनी घातली. त्या बाकावर मला कुणी बसवलं, ते मला सांगता येत नाही. त्या बाई पुन्हा दिसल्या नाहीत. त्यांचं गाव विचारायचंही सुचलं नव्हतं, आणि पुकारलेलं नाव त्या गडबडीत विसरून गेले.

हे बरे झाल्यावर आईच्या डोंगरावर ओटी भरायला गेले. तिथे आयुष्यात पहिल्यांदा आमच्यासाठी काही मागितलं नाही. त्या बाईंच्या भावाला फार दुखू देऊ नकोस, एवढंच म्हणाले. कोणती बाई, कुठला भाऊ, हे तिला समजावत बसले नाही. तिच्यावर सोपवलं आणि उतरायला लागले.