सही न लागणारं काम

रेश्माचा फोन आला तेव्हा मी कोरेगावच्या घरी जेवून आडवा झालो होतो. रेश्मा ही माझ्या साडूची, बापूची, एकुलती एक लेक. "काका, अप्पा गेलं," एवढंच ती म्हणाली. बापूला ती अप्पा म्हणायची. आटपाडीतल्या एका खासगी दवाखान्याच्या गच्चीवर, मे महिन्याच्या भर दुपारी, नव्या एसीचं काम बघायला म्हणून बापू वर चढला, आणि त्याला उचलून खाली आणावं लागलं. खाली डॉक्टर होते, खाटा होत्या, सगळं होतं. हृदयानं तेवढी सवड दिली नाही. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मनात काय आलं ते खरं सांगतो… राग आला. दुःख मागाहून आलं. साठी उलटलेल्या माणसानं त्या उन्हात शिडी कशाला चढायची? उत्तर मला ठाऊक होतं, आमच्या अख्ख्या सासुरवाडीला ठाऊक होतं. काम डोळ्यांनी बघितल्याशिवाय कागदावर सही करायची नाही, म्हणून.

साडू हे नातं मोठं गमतीचं. रक्ताचं नाही, आपण निवडलेलंही नाही. दोन बहिणींनी दोन माणसं एका दावणीला बांधलेली. थोरली सुमन माझी, धाकटी शालन बापूची. तो आटपाडीकडचा, मेंढरंवाल्यांच्या घरातला. वडील वर्षातले कित्येक महिने कळपामागं बाहेर, त्यामुळं पोरगं उघड्यावर वाढलेलं. मोठेपणीही चार भिंतींत फार वेळ बसवलं की बापूचा जीव घाबरा व्हायचा. लग्नाच्या पंक्तीतसुद्धा तो दाराजवळचं पान धरायचा. आणि ह्याच माणसानं पोटासाठी धंदा कुठला केला, तर लोकांच्या खोल्या गच्च बंद करून गार करायचा! मी चेष्टा केली की म्हणायचा, "फौजेनं शिकीवलं, पावनं. त्यांनी सैपाक शिकीवला असता तर भाकऱ्या थापल्या असत्या."

फौजेतून सुटून आला तेव्हा आमचा मेव्हणा वसंता सांगलीत पंखे-कूलरचं दुकान चालवत होता. द्राक्षपट्ट्यात बेदाण्याची कोल्ड स्टोरेज उभी राहत होती, दवाखाने, मंगल कार्यालयं एसी लावायला लागली होती. वसंताला त्या कामात उतरायचं होतं. पण मोठी कामं घ्यायची तर विजेच्या ठेकेदारीचं लायसन लागतं, आणि लायसनसाठी परीक्षा पास झालेला सुपरवायझर. बापूनं परीक्षा दिली, पास झाला, आणि वसंताच्या लायसनवर त्याचं नाव चढलं. सुपरवायझरचं नाव एका वेळी एकाच ठेकेदाराकडं राहतं. ते निघालं आणि जागी दुसरं आलं नाही, की लायसन लंगडं. म्हणजे दुकान वसंताचं, भांडवल वसंताचं आणि धंद्याचा जीव बापूच्या सहीत. वसंतानं दुकानावरचा मजला बापूला राहायला दिला. भाडं कधी घेतलं नाही. मला वाटतं, भाडं घेतलं असतं तर बापू सुटला असता.

या धंद्यात दराची मारामारी भयंकर. बिनलायसनचा कुणीतरी निम्म्या पैशात काम करायला बाजारात उभाच असतो, आणि गिऱ्हाईक विचारतं, "लायसन कशाला? गार हुतंय न्हवं?" मी स्वतः काही वेगळा नव्हतो. माझ्याकडं एसी बसवायचा ठरला तेव्हा बापूनं आधी घरातली सगळी जुनी वायर काढायला लावली. वायरीचा खर्च ऐकून मी उसळलो, "ही चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला की रे!" तो शिडीवरूनच म्हणाला, "मसाला तुमच्याच भिंतीत ऱ्हाणार हाय. हितं झोपताय तुमी, मी न्हवं." वसंताला मात्र दर पाडावाच लागे. दर पाडला की तार बारीक होई, आणि खाली सही असे बापूची.

एका मंगल कार्यालयात अशीच तार पेटली. लग्न उरकलं होतं, माणसं पांगली होती, नशीब. एक पडदा आणि स्टेजची एक बाजू यावर भागलं. नोटीस आली ती बापूच्या नावानं. त्या कामाच्या तपासणीच्या रिपोर्टवर त्यानं दुकानातच, चहा पिता पिता सही केली होती. वसंतानं धावपळ करून सगळं मिटवलं, नुकसान स्वतः भरलं. बापूनं मात्र तेव्हापासून आपला नेम केला, आणि पाटणपासून आटपाडीपर्यंत प्रत्येक कामाची गच्ची तो एसटीनं जाऊन स्वतः बघायला लागला. तार बारीक दिसली की सही नाही. मग दुकानात भांडण, मग तार बदलणं, मग सही. आणि पुढचं काम पुन्हा तसंच.

एकदा मात्र तो सुटायला निघाला होता. कोरेगावात बाजाराजवळ मी त्याच्यासाठी एक गाळा बघून ठेवला होता. सकाळच्या गाडीनं आला, गाळ्यात उभा राहिला आणि लहान पोरासारखा बोलत सुटला, "हितं टेबल, हितं गॅसची टाकी… नुसतं फ्रिज दुरुस्त करायचं, पावनं. फ्रिजला कुणाची सही लागत न्हाई." इतका मोकळा मी त्याला आधी कधी पाहिला नव्हता. गाळ्याचं शटर वर होतं, पुढ्यात रस्ता होता, तेवढ्यानंही तो खूश. संध्याकाळी सांगलीला जाऊन त्यानं वसंताला सांगितलं. वसंता ओरडला असता तर बरं झालं असतं. तो रडला. "दाजी, तुमी गेला तर हातातली कामं थांबत्यात, बिलं अडकत्यात. कामावरची पोरं खाणार काय?" शालननं दोघांची ताटं वाढली आणि नवऱ्याला एवढंच विचारलं, "माझ्या भावाला असं मधीच टाकून जायाचं?" बापू जेवला, हात धुतला आणि मला फोन करून म्हणाला, "गाळा सोडा." त्यात आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्या रस्त्यानं जायचं मी टाळतो.

वसंता वाईट माणूस नाही, हेच तर दुखणं. रेश्माच्या डिप्लोमाची फी त्यानं भरली. ती सुपरवायझरची परीक्षा पास झाली तेव्हा पेढे त्यानंच वाटले. त्या दिवशी आम्ही सांगलीतच होतो. बापूनं पेढा हातात घेतला आणि मला जिन्याकडं ओढून नेलं. "पोरगी पास व्हाया नको हुती, पावनं." मी म्हटलं, येड्यासारखं काय बोलतोस? "माझ्यामागं हिचं नाव लावत्याल. तिला लवकर पुण्याला धाडतो." आणि खरंच त्यानं ते जमवत आणलं होतं. पुण्यातल्या एका कंपनीत जूनपासून तिनं रुजू व्हायचं, हे पक्कं झालं होतं. मे तेवढा काढायचा होता.

दुखवट्याला वसंता बहिणीसाठी साडी घेऊन आला. आमच्यात त्याच्याइतकं कुणीच रडलं नाही. जेवणं झाल्यावर त्यानं रेश्माला जवळ बसवलं. "बाळ, लायसनवर नाव न्हाई आता. आटपाडीच्या दवाखान्याचं तर अर्ध्यात हाय. तुझं नाव लाव. अप्पाचं काम अप्पाच्याच घरात ऱ्हाईल." माझ्या तोंडून निघून गेलं, "तिची पुण्याची नोकरी आहे, वसंता." सुमननं माझ्याकडं बघितलं, तिचाही तो भाऊच. मी पुढं रेटलं नाही. शालनच म्हणाली, "लाव गं. हे छप्पर कुणाचं हाय? मामानं कवा आपल्याला वाऱ्यावर सोडलं न्हाई." तिचं तरी काय चुकलं? नवरा गेलेल्या बाईनं डोक्यावरचं छप्पर मोजायचं नाही तर काय मोजायचं? रेश्मा आईकडं बघत राहिली. मग वसंताला म्हणाली, "नाव लावते, मामा. पर आधी काम बगून येते."

दुसऱ्या दिवशी मी हट्टानं तिच्याबरोबर आटपाडीला गेलो. वाटेत तिनं पुण्याला फोन करून, येऊ शकत नाही, असं कळवलं. फार लांबवलं नाही, रडलीही नाही. इथं मला अभिमान वाटला असं लिहायला हवं. नाही वाटला. मला भीती वाटली. दवाखान्याच्या मागच्या बाजूला भिंतीला लोखंडी शिडी होती, हात लावला तर चटका बसत होता. रेश्मानं हत्यारांची पिशवी माझ्याकडं दिली, ओढणी कमरेला खोचली आणि ती चढायला लागली. अर्ध्यावर गेली तेव्हा मी ओरडलो, "पोरी, खाली ये गं. आत्ताच्या आत्ता पुण्याच्या गाडीत बसवतो तुला. तुझ्या आईला मी बघतो, मामाला मी बघतो." ती क्षणभर थांबली. खाली बघितलंसुद्धा. मग वर चढून कठड्याआड दिसेनाशी झाली. पंखा फिरवून बघितल्याचा आवाज आला, पत्रा उघडल्याचा आला. मी आपला शिडीला धरून उभा…

थोड्या वेळानं कठड्यावरून तिचा हात तेवढा खाली आला.

"काका, पिशवीतला मीटर द्या वर."

आणि मी शिडी चढून तो दिला.