काकडीच्या लोणच्याचा पियानो

पियानोवादक कापितोलिना आर्सेन्येव्हना रागीट म्हणून रशियातल्या अख्ख्या उरल भागात बदनाम होती. मॉस्कोत शिकून आली तेव्हा मोठ्या सभागृहांची स्वप्नं होती. पण सरकारी संगीत मंडळाने तिला गावोगावच्या कामगार-क्लबांत कार्यक्रम करायला पाठवलं. एकवीस वर्षं बसमध्ये धक्के खात ती हिंडली. मिळेल त्या पियानोवर वाजवायचं आणि चरफडत परत यायचं.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत ती एका सरकारी दुग्धशाळेच्या क्लबात पोचली. पियानोचं झाकण उघडलं आणि भपकन वास आला. आत काकडीच्या खारवलेल्या लोणच्याची बरणी फुटली होती. तारांवर मीठ साचलेलं, मधल्या पट्ट्या दाबल्या तर नुसता लाकडाचा ठोका.

"हे कुणी केलं?"

क्लबचा प्रमुख गुरी पाखोमोव्ह हसला. "तळघर गळतं हो, बाई. थंडावा बघून बरण्या आत ठेवल्या. वाजवा तसाच! गवळणी आहेत, त्यांना काय कळतंय?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. पडदा सरकवून ती तडक मंचाच्या पुढे आली. समोर शाली पांघरलेल्या साठेक बायका दूध काढून थेट आलेल्या, हात अजून लाल.

"आज मी वाजवणार नाही," ती म्हणाली. "का, ते ऐका." आणि परत पियानोशी जाऊन एकेक पट्टी दाबत गेली. "ही मेली. ही पण. आणि तुमचे प्रमुख म्हणतात, तुम्हाला काही कळत नाही."

मग मागून ल्युकेर्या नावाची एक थोराड बाई उठली. "गुर्या, घरच्या गायीचं आचळ सुजलं तर रात्री डॉक्टरला उठवतोस. ह्याच्यात लोणचं घालताना लाज नाही वाटली? आणि आम्ही काय दगड?"

पाखोमोव्हचे कान तांबडेलाल झाले. दुसऱ्याच दिवशी त्याने वर तक्रार ठोकली: कलाकाराने श्रमिकांचा अपमान केला.

संगीत मंडळाच्या संचालकाने कागद पुढे सरकवला. "माफी लिहा. मेमध्ये मॉस्कोचा कार्यक्रम आहे तुमचा, एवढी वाट पाहिलीत. एका सहीसाठी घालवू नका."

"अपमान त्यानं केला. माफी त्यानं लिहावी."

"हट्ट सोडा हो!"

"हट्ट? एकवीस वर्षं मी फुटक्या खोक्यांवर वाजवतेय आणि कुणी 'चूक झाली' म्हणालं नाही. मी नाही लिहिणार."

मॉस्कोला दुसरीच कुणी गेली. बातमी कळली त्या दिवशी तिने स्वयंपाकघरातल्या तीन बशा भिंतीवर फोडल्या. मग तुकडे वेचताना बोट कापलं आणि ती स्वतःवरच चिडली.

गवळणींनी मात्र पाखोमोव्हला स्वस्थ बसू दिलं नाही. नव्या तारा आल्या, शहरातून सूर जुळवणारा आला. शरदात ल्युकेर्याचं पत्र आलं, 'आता या.' ती गेली. पूर्ण कार्यक्रम वाजवला, एक रचनाही गाळली नाही. बायकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, ल्युकेर्याने तिला मशरूम भरलेली गरम पोळी भरवली.

"आता तरी राग गेला ना, बाई?"

"नाही," कापितोलिना घास गिळत म्हणाली. "पियानो छान झालाय. पण माझं मॉस्को गेलं ते गेलंच."

ल्युकेर्याने समजूत घातली नाही. दुसरा तुकडा तेवढा पुढे केला.