मामाजींच्या जाळ्याचा शेंडा

दोरा थांबला की सासऱ्यांना ऐकू यायचं. दोन्ही डोळे गेलेले त्यांचे. ओसरीत बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे आणि मी खाली बसून जाळं विणायची. गाठ आवळताना दोरा चर्र असा बारीक आवाज करतो. तो एकामागे एक येत राहिला तर ते गप्प. जरा थांबला की भिंतीकडूनच विचारायचे, "मन कुठी गेलं, बाई?"

ते जाऊन दोन वर्षं झाली, तरी हे विचारणं काही थांबलं नव्हतं. भरदुपारी, लख्ख उन्हात, रिकाम्या बाजेवर मिरच्या वाळत घातलेल्या, आणि माझा हात थांबला की मागून आवाज. तुम्ही हसाल, पण मी उत्तरही द्यायची. "इथीच हाय जी, मामाजी." मग वळून बघायची. मिरच्याच.

माझं माहेर धानाच्या शेतकऱ्याचं. मासोळी ताटात आली तेव्हाच बघायची मी. लग्न होऊन आली ती चामोर्शीकडच्या एका गावात, बोडीत आणि नदीत मासे धरणाऱ्या घरात. बोडी म्हणजे आमचा गावतलाव. नवरा वैनगंगेच्या पुरात गेला, तिसऱ्या दिवशी सापडला. मग घरात सासरे, तेव्हा शाळेत जाणारा धाकटा दीर आणि मी. दीर पुढे जाळं फेकण्यात पटाईत झाला, पण विणायला बसवलं की त्याच्या अंगाला मुंग्या येतात. म्हणून सासऱ्यांनी मला बसवलं.

फेकजाळं वरून खाली विणतात. शेंड्याला थोडी घरं, म्हणजे जाळीची भोकं, घालायची, मग दर फेरीत ठरलेल्या जागी एकेक घर वाढवत जायचं. तेव्हा खाली घेर होतो आणि जाळं पाण्यावर परातीसारखं गोल पडतं. एखादी वाढ राहिली की जाळं त्या बाजूला दुमडतं, आणि मासोळीला ते माणसाच्या आधी समजतं. शेंडा सासरे बांधून द्यायचे, डोळे गेल्यावरही, नुसत्या बोटांनी. खालचा घेर माझा. अशी चार-पाच जाळी केली आम्ही. काही लोकांकडे गेली, काही फाटली.

शेवटच्या पावसाळ्यात ते मागेच लागले. "शेंडा शिकून घे, बाई. घेर काय, कोनीबी करन."

"उद्या बसतो जी."

"तुह्या उद्याले ना शेंडा ना बुडखा!"

मी हसली. आधी धानाचं रोवणं होतं, मग कापणी, मग मार्कंड्याची जत्रा. काम होतंच, खोटं नाही बोलत. पण जत्रेहून आल्यावर मी दोन दिवस नुसती बसून होती हेही खरं. म्हातारा माणूस रोज तिथेच बाजेवर दिसतो, तेव्हा तो उद्याही दिसणार असं वाटतं. मग मोहफुलं सुरू झाली. एका सकाळी जंगलातून आली, टोपली उतरवली, आणि बाजेवरून कोणी काही बोललं नाही.

घरात त्यांच्या हातचं एकच जाळं उरलं. शेंड्यापासून काठापर्यंत पूर्ण त्यांचं, डोळे धड होते तेव्हाचं. नवरा गेला त्याच पावसाळ्यात विणायला घेतलेलं. ते गेल्यावर मी ते खुंटीवर टांगलं, पाण्यात जाऊ दिलं नाही. दिरानं बाजारातून तयार जाळं आणलं, ते बोडीतल्या झाडांच्या खुंटांना अडकून पहिल्याच हंगामात फाटलं.

"वैनी, तू बांधून देतं का?"

"पाहीन."

"पाहून तर राह्यली दोन वर्षांपासून. खुंटीलेबी लाज वाटत असन आता."

शेंडा समजायचा तर जाळं उसवावं लागणार होतं. नुसतं बघून काही उमजत नव्हतं. दोरा टिकावा म्हणून दिलेला सालीच्या काढ्याचा रंग, गाळ, वर्षांचं पाणी बसून गाठी दगड झालेल्या. मी कितीदा ते खाली काढलं, मांडीवर घेतलं, झटकलं आणि परत टांगलं. लोकांना सांगायची, मी आळशी हाय. तसं सांगणं सोपं पडतं. त्या गाठी त्यांनी आवळलेल्या होत्या. त्या मी सोडल्या की या घरात त्यांचं काय उरणार होतं?

मग एका सकाळी बघते तर उंदरानं घेराचा हातभर तुकडा कुरतडलेला. मी तिथेच जमिनीवर बसली. म्हटलं, मी नाही सोडलं तर हा सोडणार, आणि याला काही शिकायचं नाही.

खालचा घेर कापून टाकला. उसवायचं शेवटच्या गाठीकडून पहिलीकडे. एक फेरी सोडायची आणि वहीत मांडायची, साध्या घराला टिंब, वाढीच्या घराला गोल. रोज एकच फेरी, पण ती झाल्याशिवाय चूल नाही. माझं बूड एका जागी टिकत नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून शेंड्याचा फास खुंटीला अडकवायच्या ऐवजी पायाच्या अंगठ्यात घातला. उठायचं तर आधी पाय सोडवा. शेजारीण फाटकातून ओरडायची, "चालतं का वो पान्याले?" मी म्हणायची, "पाय अडकला माहा." ती म्हणे, "कुठी?" काय सांगू तिला!

एकेक गाठ सुटताना आतला दोरा पांढरा निघायचा, जसा विकत आणला होता तसा. तो मात्र मला बघवायचा नाही. मागून आवाज यायचा त्या दिवसांत, सारखा. मी वळायचं सोडलं. हात चालू ठेवला.

शेवटचा फास सुटला तेव्हा मांडीवर नुसता वाकडातिकडा दोरा होता. मग वही उलटी, शेवटच्या पानाकडून वाचत, नव्या दोऱ्यानं शेंडा बांधला. तीनदा चुकला, चौथ्यांदा बसला. वहीतल्या एका टिंबाकडेही दुर्लक्ष केलं नाही. पावसाळ्याआधी जाळं पूर्ण झालं.

दीर बोडीवर घेऊन गेला, मी मागोमाग. त्यानं फेकलं. गोल उघडलं, आणि उजवीकडे दुमडलं.

"चुकलं का जी, भाऊजी?"

त्यानं जाळं ओढलं, परत फेकलं. या वेळी सोडता सोडता मनगटाला असा एक झटका दिला की जाळं सरळ पसरलं. मग म्हणाला, "वैनी, बाचं जाळं असंच पडे. मी लहानपनापासून हाच झटका देऊन राह्यलो. मले वाटे, जाळं असंच फेकतेत."

घरी येऊन वही काढली. शेंड्यापासून चौथ्या फेरीत एका जागी गोल हवा होता, तिथे टिंब होतं. मी हुबेहूब उतरवलं होतं. जो माणूस माझा दोरा अर्धा श्वास थांबला तरी हटकायचा, त्याची वाढ राहिली होती. मुलगा गेला त्या पावसाळ्यात, डोळे धड असताना. मी शेजारीच बसलेली असणार तेव्हा, पांढऱ्या कपाळानं. तेव्हा कोणीच कोणाला काही विचारत नव्हतं.

ते जाळं मी तसंच ठेवलं. दुसरं बांधलं, त्यात ती वाढ घातली, वही न उघडता. ते परातीसारखं गोल पडतं. दिराला मात्र ते आवडत नाही. म्हणतो, "याले झटका द्याले जागाच नाई," आणि पहिलंच घेऊन जातो.