अल्सीडच्या झाडाखाली भेटा

अर्लीन ड्युप्लांटियरने उभं आयुष्य न्यू ऑर्लिन्समध्ये शाळेची बस हाकली, आणि निवृत्त झाल्यावर ती लोकांना पार्कातल्या म्हाताऱ्या ओक झाडांच्या भेटीला नेऊ लागली. दर शनिवारी ती झाडांची माहिती अशी सांगायची, जणू कुणाची सोयरीकच जुळवायची आहे. प्रत्येक ओकचं नाव काय, खोडी काय, कोण शेजाऱ्याच्या अंगावर रेलतो, सगळं.

या शनिवारी मात्र गोष्ट वेगळी होती. पार्कात नवीन आलेला साहेब, हाल्वर्सन, स्वतः फेरीला येणार होता. मिनेसोटाचा माणूस, शिस्तीचा. फेरी चालू ठेवायची की बंद करायची, हे तो आज ठरवणार होता. नवरा गेल्यापासून अर्लीनचा आख्खा आठवडा या एका सकाळवर तगून होता, पण हे ती कुणापाशी बोलली नव्हती.

तिने साहेबाला निरोप धाडला होता, अल्सीडच्या झाडाखाली भेटा म्हणून.

आता अल्सीड ओक त्या मोठ्या वादळात आडवा झाला, त्याला वर्षं लोटली. पण या शहरात पत्ता सांगायचा तो नसलेल्या गोष्टींवरूनच. बंद पडलेल्या बेकरीपाशी वळा, पाडलेल्या थिएटरसमोर थांबा. इथल्या माणसांचं त्यावाचून काही अडत नाही. बाहेरच्या माणसाला आपण नसलेलं झाड सांगितलंय, हे अर्लीनच्या गावीही नव्हतं.

हाल्वर्सन पार्कभर भटकला. ज्याला विचारावं तो मोकळ्या हिरवळीकडे बोट दाखवी. शेवटी तो घामाघूम होऊन तिथे पोचला, तर भर उन्हात वीसेक माणसं गोल करून उभी, आणि मधली जागा रिकामी. तो सरळ मधूनच अर्लीनकडे निघाला.

"आई गं," कुणीतरी कळवळलं.

"साहेब, खोडातून चाललात की," म्हातारे ओझेन म्हणाले. ते निवृत्त पोस्टमन. एकही फेरी चुकवत नसत.

"कुठलं खोड?"

"अल्सीडचं. त्याच्या पोटातच उभा आहेस, राजा," अर्लीन म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिचं तोंड एवढंसं झालं.

हाल्वर्सनने कपाळ पुसलं. "म्हणजे झाडांची फेरी सुरू होते ती नसलेल्या झाडापासून? बाई, लोक झाडं बघायला येतात. गेटापाशी चांगला धडधाकट ओक आहे. तिथून सुरू करा, माझी ना नाही."

'हो' म्हटलं असतं तर काम झालं होतं. अर्लीनने तोंड उघडलंही त्यासाठीच.

"नाही जमायचं," ती म्हणाली. "गेटावरचा ओक गुणी आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण मी बस लावून यायचे, तेव्हा माझा नवरा, लूसियन, इथे थांबलेला असायचा. हातातला सरबत घातलेला बर्फाचा गोळा वितळून कोपरापर्यंत ओघळलेला. वादळानंतर परत आलो, तर घर नव्हतं आणि हा अल्सीडही नव्हता. आम्ही दोघं रडलो ते इथे उभं राहून. या सगळ्यांचंही असंच काहीतरी आहे. फेरी बंद करायची तर करा साहेब, पण निघेल ती इथूनच."



"उन्हात कशाला उभे राहता," ओझेन हाल्वर्सनला हळूच म्हणाले. "थोडे डावीकडे सरका. या वेळेला सावली तिकडे असते."

हाल्वर्सनने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. तो दोन पावलं डावीकडे सरकला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बायको पोरांना घेऊन गेटापाशी आली होती.

"सरळ आत ये," तो म्हणाला. "नाही, झाड नाही दिसायचं तुला. कुणालाही विचार, अल्सीडचं झाड कुठेय म्हणून." जरा थांबून तो म्हणाला, "आणि आज नाहीच सापडलं तर पुढच्या शनिवारी ये. फेरी इथूनच निघते."